दुहेरी ओझे

कानपूरहून लखनौकडे जाणारी सडक शहराच्या वेशीशी पोचण्याआधी अमौसी या गावाजवळून जाते. आज अमौसीचे नाव बहुतेकांना ठाऊक असते ते तेथील विमानतळामुळे. २००८ साली या विमानतळास चौधरी चरणसिंह यांचे नाव देण्यात आले. २०१९ पासून तेथून सुटणारी मेट्रो आलमबाग, चारबाग, हजरतगंज अशी स्थानके घेत शहराच्या दुसऱ्या टोकास जाते. या मार्गाचा चारबागपर्यंतचा भाग म्हणजे जवळजवळ १८५७ च्या सप्टेंबर महिन्यातील एका चढाईचा नकाशाच आहे. बनी येथील पूल ओलांडून, अमौसीचे सपाट रान तुडवत, जनरल हेन्री हॅवलॉकचे सुमारे तीन हजारांचे सैन्य याच दिशेने लखनौवर चालून गेले होते. त्या चढाईच्या ओघात एका गोऱ्या सार्जंटने आपल्या जखमी सोबत्याचे प्राण वाचवले आणि त्याबद्दल त्याला इंग्रजी साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. घटना लहान, गॅझेटातील नोंद तर त्याहून लहान. परंतु त्या नोंदीत कोण आहे आणि कोण नाही याचा शोध घेऊ लागले, की वसाहतीच्या युद्धांचा इतिहास कसा लिहिला गेला याचे बरेचसे मर्म हाती लागते.

लखनौचा प्रश्न पेटला त्याची कारणे सर्वपरिचित आहेत. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी डलहौसीने अवध खालसा केले आणि नवाब वाजिद अली शाह यांची रवानगी कलकत्त्यास झाली. कंपनीच्या बंगाल सैन्यातील शिपायांचा मोठा भाग याच अवधच्या खेड्यांतून आलेला होता. घरची जमीन, गावचा तालुकदार आणि गादीवरचा राजा या तिन्हींवर एकाच वेळी आघात झाल्याची भावना त्यांच्या मनात घर करून बसली. ३० जून १८५७ रोजी चिनहट येथे हेन्री लॉरेन्सचा पराभव झाला आणि लखनौच्या रेसिडेन्सीस वेढा पडला. काही दिवसांतच लॉरेन्स तोफगोळ्याने जखमी होऊन मरण पावला. शहरात बेगम हजरत महल यांनी आपला अल्पवयीन मुलगा बिर्जिस कद्र यास गादीवर बसवून राज्यकारभार हाती घेतला. रेसिडेन्सीत लढणाऱ्यांची संख्या सतराशेच्या घरात होती, आणि त्यांपैकी सातशेहून अधिक हिंदी शिपाई होते, ही गोष्ट या कथेच्या पुढील भागासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हॅवलॉकबरोबर जेम्स आउटराम होता. महाराष्ट्राला हे नाव अपरिचित नाही. १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा आणि पुढे सातारा व बडोदा येथे कंपनीचा प्रतिनिधी म्हणून वावरलेला हाच तो आउटराम. हुद्द्याने तो हॅवलॉकहून वरचढ होता, तरी लखनौच्या सुटकेचे श्रेय हॅवलॉकला मिळावे म्हणून त्याने तात्पुरते सेनापतिपद सोडले आणि स्वयंसेवक घोडेस्वारांत सामील होऊन तो लढला.

२३ सप्टेंबर रोजी हे सैन्य आलमबागेपाशी पोचले. आलमबाग ही वाजिद अली शाहने आपल्या एका बेगमेसाठी उभारलेली, उंच भिंतींनी वेढलेली प्रशस्त बाग. तिच्या मधोमध बंगली आणि कोपऱ्यांवर बुरूज होते. पावसाने रान चिखलमय झाले होते. बाग हाती आली, पण शहराच्या बाजूने तोफांचा मारा थांबला नाही. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेस, दमलेल्या सैन्यास विश्रांती देण्यात आली, आणि त्या विश्रांतीच्या दिवशीही गोळे पडतच होते.

त्याच दिवशी पाचव्या पायदळ पलटणीतील डेव्हनी नावाच्या शिपायाचा पाय गोळ्याने तुटून गेला. तो उघड्यावर पडला होता. सार्जंट रॉबर्ट ग्रँट भडिमारातून त्याच्यापर्यंत गेला, आणि लेफ्टनंट ब्राउन व आणखी काही सोबत्यांच्या मदतीने त्याने त्याला सुखरूप छावणीत आणले. १८६० साली व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांत ग्रँटचे नाव जाहीर झाले, तेव्हा गॅझेटने सांगितले ते एवढेच. ग्रँट यॉर्कशायरमधील हॅरोगेटचा. त्या दिवशी त्याचे वय विशीच्या आसपास होते. पुढे सैन्य सोडल्यावर तो लंडनमध्ये साधा पोलीस शिपाई झाला आणि हायगेटच्या दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. सरदारपुत्राची ही कहाणी नव्हे. साम्राज्याच्या सैन्यात पोटासाठी भरती होणाऱ्या असंख्य गरीब तरुणांपैकी तो एक होता, आणि ज्याला त्याने उचलून आणले तोही त्याच्यासारखाच.

ग्रँटच्या कृत्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या सैन्यात तो होता, त्या सैन्याने कानपूर-अलाहाबादच्या वाटेवर झाडाझाडांना माणसे टांगली होती. नीलसारखा निष्ठुर सेनानी त्याच तुकडीत होता आणि दुसऱ्या दिवशी लखनौच्या रस्त्यात तो मारला गेला. या सर्वांचा हिशेब इतिहासाने मांडलाच पाहिजे. परंतु पाय तुटलेल्या माणसाकडे गोळ्यांच्या वर्षावात चालत जाणे हे त्या हिशेबात बुडवून टाकता येत नाही. तसे केले, तर पलीकडच्या बाजूस जे तसेच चालत गेले त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकारही आपण गमावून बसू.

लक्ष देण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. त्या नोंदीत डेव्हनीला उचलणारे हात एकट्या ग्रँटचे नाहीत. ब्राउन आहे, पण पदक जाहीर होईपर्यंत तो हयात नव्हता, आणि मृतास क्रॉस देण्याची प्रथा त्या काळी नव्हती. ‘काही सोबती’ आहेत. त्यांना नावे नाहीत. एका माणसाला एक पदक, असा नियम असल्याने एकत्रित कृतीतून एकाची निवड करावी लागते. व्हिक्टोरिया क्रॉसची स्थापना २९ जानेवारी १८५६ रोजी झाली. २६ जून १८५७ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये राणीने पहिल्या ६२ वीरांना स्वहस्ते क्रॉस दिले, आणि त्यानंतर चारच दिवसांनी चिनहटची लढाई झाली. सरदार आणि शिपाई यांना एकाच पदकाने गौरवणे ही त्या काळच्या इंग्लंडमध्ये खरोखरच पुढचे पाऊल टाकणारी कल्पना होती. अधिकारी नसलेल्या मानकऱ्यास वर्षाला दहा पौंडांचे निवृत्तिवेतनही मिळे. पण कृत्य कुणीतरी पाहिले पाहिजे, पाहणाऱ्याने ते वरिष्ठांस कळवले पाहिजे, आणि वरिष्ठाच्या लेखणीस ते लिहिण्याजोगे वाटले पाहिजे. अनेकांनी सारखेच शौर्य गाजवले, तर त्यांनी आपसांत निवड करावी अशीही तरतूद होती. तिच्या आधारे स्वयंसेवक घोडेस्वारांनी आउटरामची निवड केली. सेनापतीने आपल्या हाताखालच्यांकडून असा मान घेणे योग्य नव्हे, असे मानून त्याने तो नाकारला.

२५ सप्टेंबरला सैन्य आलमबागेतून पुढे निघाले. जखमी, आजारी आणि सामानसुमान बागेतच, सुमारे तीनशे माणसांच्या पहाऱ्यात ठेवण्यात आले. चारबागचा पूल ओलांडून रेसिडेन्सीपर्यंत पोचण्यात आणि दुसऱ्या दिवशी पिछाडी आत आणण्यात ५३५ माणसे ठार वा जखमी झाली. या दोन दिवसांत जखमींना वाहून नेण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे डोली.

डोली ही बांबूच्या दांड्यावर लटकवलेली, कापडी पडद्यांची हलकी पालखी. एका डोलीस आळीपाळीने खांदा देणारे साधारण सहा जण लागत. ते जातीने बहुधा कहार, म्हणजे आपल्याकडील भोई. सैन्याच्या हजेरीपटावर त्यांची गणना शिपायांत होत नसे. लष्करामागून चालणाऱ्या नोकरचाकरांत होई. मराठी वाचकाला या वर्गासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. पानिपतच्या बखरींपासून आपण त्यांना ‘बुणगे’ म्हणत आलो आहोत, आणि त्या शब्दात कौतुक मुळीच नाही. पराभव झाला तर बुणग्यांमुळे, विजय झाला तर त्यांच्याशिवाय, अशी ती विभागणी आहे. इंग्रजांकडेही वेगळे नव्हते. हिंदुस्थानातून आलेल्या युद्धवार्तेत ‘डोल्यांनी जखमींना नेले’ असे वाचून एका वक्त्याने ‘डोली’ ही डोंगरातून उतरणारी कुणी क्रूर टोळी असावी असे समजून तिचा निषेध केला, असा किस्सा अँग्लो-इंडियन मंडळी चवीने सांगत. किस्सा खरा असो वा रचलेला, ज्यांच्या खांद्यावर जखमी सैन्य जगत होते त्यांच्याविषयी विलायतेत किती माहिती होती, याची कल्पना त्यावरून येते.

२६ सप्टेंबरच्या सकाळी मागे राहिलेल्या जखमींच्या डोल्या रेसिडेन्सीत आणण्यासाठी निघाल्या. वाट दाखवण्यास आलेला मुलकी अधिकारी थॉर्नहिल चुकला आणि बऱ्याच डोल्या एका बंदिस्त चौकात सापडल्या. वरून गोळीबार सुरू झाला. भोयांनी डोल्या खाली ठेवल्या आणि ते पळाले, असे सर्व इंग्रजी वृत्तांत सांगतात. अनेक जखमी डोल्यांतच मारले गेले. सर्जन होम आणि मोजके शिपाई एका घरात शिरून दुसऱ्या दिवसापर्यंत झुंजत राहिले. पाचव्या पलटणीचे पीटर मॅकमॅनस आणि मद्रास फ्युझिलियर्सचा जॉन रायन यांनी रस्त्यावर धाव घेऊन डोलीतील कॅप्टन अर्नोल्डला उचलून आत आणले. रायनने प्रत्येक डोलीपर्यंत जाण्याची धडपड केली. या चौकात अनेक क्रॉस मिळाले. त्यांचा उपभोग मात्र सर्वांच्या नशिबी नव्हता. रायन मार्च १८५८ मध्ये कानपूर येथे मारला गेला, आणि मॅकमॅनस पुढल्याच वर्षी अलाहाबादेस वारला.

त्याच सकाळी एक डोली मात्र वाट न चुकता पोचली. तीत सेनापतीचा मुलगा, कॅप्टन हॅवलॉक, जबर जखमी होऊन पडला होता. पिल्किंग्टन नावाच्या जखमी शिपायानेही त्याच डोलीत आसरा घेतला होता. ७८ व्या हायलँडर्सचा हेन्री वॉर्ड रात्रभर त्या डोलीपाशी थांबला आणि सकाळी तोफा-बंदुकांच्या दुहेरी माऱ्यातून तिच्या शेजारून चालत राहिला. वॉर्डला क्रॉस मिळाला. त्याच्या प्रशस्तीत असा उल्लेख आहे की, भोयांनी आपले दुहेरी ओझे खाली टाकू नये म्हणून त्याने आपल्या उदाहरणाने आणि प्रयत्नांनी त्यांना सावरून धरले, आणि त्यामुळे दोघांचे प्राण वाचले.

हे वाक्य पुन्हा एकदा नीट वाचले पाहिजे. दोन माणसांचे वजन कुणाच्या खांद्यावर होते? वॉर्डच्या हाती शस्त्र होते; भोयांच्या हाती डोलीचा दांडा होता. वॉर्डला आडोशास जाण्याची मोकळीक होती. खांदा दिलेल्या माणसाला तीही नव्हती. त्यांनी ओझे टाकले असते तर त्यांच्या भ्याडपणाची नोंद झाली असती, जशी त्याच सकाळी शेजारच्या चौकात झाली. त्यांनी ते टाकले नाही, म्हणून वॉर्डच्या धैर्याची नोंद झाली. पळणाऱ्या भोयाला इतिहासात जागा आहे, न पळणाऱ्याला नाही. वॉर्डचे श्रेय काढून घ्यावे असा याचा अर्थ नाही, कारण तो खरोखरच त्या डोलीशेजारी होता. पण गॅझेटकाराने नकळत दुहेरी ओझ्याचा उल्लेख केला आणि त्यातूनच त्या अनाम खांद्यांचा पुरावा मागे राहिला.

ही उपेक्षा केवळ विस्मृतीची नव्हती. तिला नियमाचा आधार होता. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकास मिळू शकत नसे. कंपनीच्या नोकरीतील युरोपियनांसाठी त्याचे दार ऑक्टोबर १८५७ मध्ये उघडले, आणि १८५८ च्या अखेरीस बंडवाल्यांविरुद्ध शस्त्र धरलेल्या बिनलष्करी स्वयंसेवकांसाठीही उघडले. हिंदी शिपायांसाठी १८३७ पासून ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा वेगळा सन्मान होता. त्याच्या तीन श्रेणी होत्या आणि श्रेणीप्रमाणे वेतनात भर पडे. वरच्या श्रेणीत तर वेतन दुप्पट होई. रेसिडेन्सीत शेवटपर्यंत इंग्रजांबरोबर राहिलेल्या कित्येक शिपायांना तो मिळाला, आणि त्यांच्यातून उरलेल्यांची ‘लखनौ रेजिमेंट’ उभी राहिली. व्यवहाराच्या दृष्टीने हा सन्मान कमी नव्हता. परंतु एकाच भिंतीआड, एकाच तोफेसमोर दाखवलेल्या धैर्याची दोन मापे ठरली होती, आणि माप ठरवताना रंग पाहिला जात होता. भोई तर शिपाईही नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी कोणतेच माप नव्हते.

अमौसीच्याच सडकेवर या दुजाभावाचे दुसरे ठळक उदाहरण घडले. ९ नोव्हेंबर १८५७ च्या रात्री थॉमस कॅव्हनॉ हा रेसिडेन्सीतील मुलकी कारकून हिंदी शिपायाचा वेष करून, तोंडाला काजळी फासून बाहेर पडला. नव्या सेनापतीला, सर कॉलिन कँपबेलला, शहरातील वाट दाखवावयाची होती, आणि कँपबेलची छावणी अमौसीच्या पलीकडे बंथरा येथे होती. कॅव्हनॉ एकटा गेला नाही. कनौजीलाल नावाचा एक हेर बाहेरून निरोप घेऊन आत आला होता व परत जाणार होता. दोघे गेल्यास धोका वाढेल म्हणून तो प्रथम तयार नव्हता. शेवटी त्याने कॅव्हनॉला बरोबर घेतले. गोमती ओलांडून, पहारे चुकवून, दलदलीत वाट हरवून, पहाटे दोघे छावणीत पोचले. कॅव्हनॉला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बिनलष्करी माणसांना हा मान इतका क्वचित मिळाला आहे की असे मानकरी बोटांवर मोजता येतात. कॅव्हनॉने पुढे ‘मी व्हिक्टोरिया क्रॉस कसा मिळवला’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तकही लिहिले. कनौजीलालला इनाम मिळाले, क्रॉस नाही. मुलकी माणसासाठी नियम बदलता आला, हिंदी माणसासाठी तो आणखी त्रेपन्न वर्षे बदलला नाही.

मग पलीकडच्या बाजूचे काय? नोव्हेंबरात रेसिडेन्सीतील माणसे बाहेर काढल्यावर कँपबेल कानपुरास परतला. हॅवलॉक २४ नोव्हेंबरला दिलकुशा येथे आमांशाने वारला आणि त्याला आलमबागेत पुरण्यात आले. आउटराम सुमारे चार हजार माणसांनिशी आलमबागेत तळ देऊन राहिला, तो थेट मार्च १८५८ पर्यंत. त्याची रसद कानपूरहून अमौसीच्या बाजूनेच येई. ती तोडण्यासाठी जानेवारीच्या मध्यास मौलवी अहमदुल्ला शाह आपली माणसे घेऊन इंग्रजांच्या पिछाडीस उतरले. आउटरामच्या तोफांनी त्यांना उघड्या रानात गाठले. मौलवी जखमी झाले. इंग्रज इतिहासकारांनीच नोंदवले आहे की, ते पकडले जाता जाता निसटले. त्यांच्या अनुयायांनी घाईघाईने त्यांना डोलीत घातले आणि लखनौकडे पळवत नेले.

ग्रँटने डेव्हनीसाठी जे केले, तेच या माणसांनी आपल्या नायकासाठी केले. रान तेच, तोफाही त्याच धर्तीच्या, जखमीही तसाच. त्यांनी वाचवलेला माणूस जूनपर्यंत इंग्रजांना झुंजवत राहिला आणि पुवायाँ येथे दग्याने मारला गेला. त्या डोलीला खांदा देणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कुठल्या राजपत्रात नाही, कारण त्यांचे राज्यच उरले नाही. हजरत महल नेपाळात गेल्या आणि १८७९ साली काठमांडूत निवर्तल्या. जिंकणाऱ्याकडे गॅझेट असते. हरणाऱ्याकडे असतात त्या गावोगावच्या आठवणी, आणि त्यांना तारीख व सही नसते. १६ नोव्हेंबर १८५७ हा दिवस या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्या एका दिवसाच्या पराक्रमासाठी २४ व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, आणि त्यांपैकी बहुतेक लखनौतील होते. एका दिवसात इतके क्रॉस अन्य कधीही मिळालेले नाहीत. त्याच दिवशी सिकंदरबागेत दोन हजारांच्या आसपास हिंदी शिपाई मारले गेले. त्यांच्यातही कुणी कुणाला पाणी पाजले असेल, कुणी कुणाला भिंतीआड ओढले असेल. तेथे लढता लढता पडलेल्या ऊदादेवी पासी यांचे नाव तरी त्यांच्या समाजाच्या स्मृतीने जपले. बाकीच्यांची नावे बागेच्या भिंतींतच राहिली.

लखनौची ही रीत लखनौपुरती उरली नाही. कँपबेलच्या सैन्यात फ्रेडरिक रॉबर्ट्स नावाचा तरुण लेफ्टनंट होता. रात्रीच्या अंधारात आलमबागेस परत जाऊन दारूगोळा आणण्याची कामगिरी त्याने केली होती. जानेवारी १८५८ मधील खुदागंजच्या लढाईसाठी त्याला क्रॉस मिळाला आणि पुढे तो लॉर्ड रॉबर्ट्स झाला. डिसेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, बोअर युद्धातील कोलेन्सो येथे, त्याचा मुलगा तोफा वाचवताना प्राणांतिक जखमी झाला. त्यालाही क्रॉस मिळाला. त्याला रणांगणावरून वाहून नेण्याचे काम आपल्या पथकाकडे आले, असे मोहनदास गांधी यांनी आत्मकथेत लिहिले आहे. नाताळातील हिंदी लोकांच्या या शुश्रूषा-पथकात सुमारे अकराशे माणसे होती, आणि त्यांपैकी बहुसंख्य गिरमिटिया मजूर होते. युद्धानंतर पदके मिळाली ती सदतीस प्रमुखांना. चाळीस वर्षांत डोलीच्या जागी स्ट्रेचर आले होते, आणि खांदा देणाऱ्यांच्या वतीने बोलणारा एक लेखणीबहाद्दर बॅरिस्टर त्यांच्यात उभा राहिला होता, एवढाच फरक.

नियम बदलला तो १९११ साली. दिल्ली दरबारात हिंदी सैनिकही व्हिक्टोरिया क्रॉसला पात्र असल्याचे जाहीर झाले, आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये खुदादाद खान यांनी तो प्रथम मिळवला. पुढील वर्षी मीर दस्त यांनी ईप्रजवळ विषारी वायूच्या हल्ल्यानंतर आठ ब्रिटिश व हिंदी अधिकाऱ्यांना भडिमारातून सुरक्षित जागी पोचवण्यास मदत केली; त्यांचा क्रॉस बऱ्याच अंशी त्याबद्दलचा होता. आता हिंदी हातांनी गोऱ्या जखमींना उचलले तर ते हात गॅझेटात दिसू लागले होते. ज्या युद्धांत हे घडत होते ती युद्धे अजून त्यांची स्वतःची नव्हती, हा भाग मात्र तसाच राहिला.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येथे नामदेव जाधव यांचे नाव यावे हे स्वाभाविक आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे हे शेतकरीपुत्र पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या पूर्व बांधावरील चढाईत ते कंपनीचे निरोप्ये म्हणून पुढच्या तुकडीबरोबर होते. जर्मन मशीनगनांच्या माऱ्यात त्यांच्या आसपासचे बहुतेक जण ठार झाले, काही जखमी झाले. जाधवांनी एका जखमीला खांद्यावर घेऊन खोल पाण्यातून, चढ बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेले. मग ते परत आले आणि दुसऱ्याला नेले. तिसऱ्यांदा ते एकटेच नदी ओलांडून गेले, मशीनगनची ठाणी त्यांनी निकामी केली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांच्या रणघोषणेने सोबत्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली ते पुण्यात वारले.

आलमबागेच्या अनाम भोयांपासून सेनिओच्या जाधवांपर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. भोयांच्या खांद्यावर दोन माणसांचे ओझे होते. जाधवांनी दोन खेपा केल्या. जखमींचे वजन, पाण्याचा वा चिखलाचा अडसर आणि समोरून येणारी गोळी यांत फारसा फरक नव्हता. एकाच्या बाबतीत पाहणाऱ्याने खांदा पाहिला आणि लिहिले. दुसऱ्याच्या बाबतीत पाहणाऱ्याने शेजारून चालणारा माणूस तेवढा पाहिला. जाधवांचा गौरव वाचताना म्हणूनच भोयांची आठवण होणे योग्य आहे. त्यामुळे जाधव लहान होत नाहीत, ग्रँट आणि वॉर्डही लहान होत नाहीत.

शौर्यपदकांची कागदपत्रे इतिहासकाराने टाकून देऊ नयेत आणि ती सरळ स्वीकारूही नयेत. त्यांतील ‘काही सोबती’, ‘डोलीवाहक’, ‘अनुयायी’ अशा शब्दांपाशी थोडे थांबावे. लखनौच्या आलमबागेत हॅवलॉकची कबर आजही आहे आणि तिच्यावर नाव आहे. त्याच्या मुलाला ज्या खांद्यांनी बेली गारदापर्यंत पोचवले, त्यांच्यापाशी जाण्याची वाट एका गोऱ्या शिपायाच्या प्रशस्तीतील दोन शब्दांतून जाते. ते शब्द आहेत ‘दुहेरी ओझे’, आणि ते ओझे त्या सकाळी खाली पडले नाही.